वर तू, खाली तुम्ही

मी ब्राम्बकोगलच्या शिखरावरचा बाक बोलतोय. म्हणजे, शिखरावरचा होतो. सध्या मुक्काम तळ्याकाठी आहे, आणि हा मुक्काम कसा हलला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आजवर माणसं माझ्यावर बसून बोलत आली आणि मी हूं की चूं केलं नाही. बाकाला पाय असतात तसे कानही असतात, हे त्यांच्या कधी डोक्यात आलंच नाही.

जन्माने मी लार्चचं झाड. आमची जात सूचिपर्णी, पण हिवाळ्यात सगळी पानं गाळून उघडी होणारी. त्यामुळे रानातली बाकीची सदाहरित मंडळी आमच्याकडे बघून नाकं मुरडतात. एका वादळात मी आडवा झालो आणि फाल्बाख गावच्या पंक्रात्स सुताराच्या हाती लागलो. हा माणूस बोलायचा कमी आणि थुंकायचा जास्त. त्याने मला ना रंग दिला, ना नक्षी काढली. लांबी मात्र मुद्दाम अशी धरली, की दोघं ऐसपैस बसावेत आणि तिसरा आला तर सगळ्यांचीच अडचण व्हावी.

"जरा लांब कर की रे," त्याचा भाऊ म्हणाला होता.

"तिसरा आला की गप्पा संपतात आणि भाषणं सुरू होतात," पंक्रात्स म्हणाला, थुंकला, आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

मग भावांनी मला पाठीवर घेऊन वर नेलं. शिव्या घालत नेलं, पण नेलं. शिखरावरच्या लाकडी क्रुसाशेजारी मला रोवलं, तोंड तळ्याकडे करून. खाली फाल्बचं तळं, सकाळी काळपट, दुपारी निळं, ढग आले की शिशासारखं. मी ते रोज बघायचो आणि मला कधी कंटाळा आला नाही. माझ्यापाशी येणाऱ्यांना मात्र ते बघायला सवडच नसायची.

आता हेच बघा. माणूस पहाटे उठतो, जाड बूट घालतो, दोन्ही हातात काठ्या घेतो आणि अर्धा दिवस धापा टाकत डोंगर चढतो. कशासाठी? तर वरून तळं दिसतं म्हणून. वर आला की आधी सगळ्यांशी हात मिळवतो, मग बूट काढतो (त्या वासाबद्दल मी बोलत नाही), पाव आणि खारवलेलं मांस काढून खातो, आणि शेवटी तळ्याकडे पाठ करून फोटो काढतो. झालं. निघाला. एक बाई तर जाकीट बदलून बदलून माझ्यावर बसत होती, दूर कुठेतरी बघत, विचारात बुडाल्यासारखी.

"अजून एक," तिचा नवरा म्हणाला, "पण आता जरा जास्त शांत दिस."

"मी शांतच आहे, मेल्या!" ती ओरडली. "तुझं बोट मध्ये येतंय!"

दुसऱ्या एकाच्या मनगटावर घड्याळ होतं. तो टुणटुणीत चालत आला होता. घड्याळाने त्याला सांगितलं की तुम्ही फार दमला आहात, तेव्हा कुठे बिचाऱ्याचे पाय लटपटायला लागले आणि तो मटकन माझ्यावर बसला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट फाल्बाखच्या लोकांचीच. हे लोक मानापानाचे भारी पक्के. गावात कुणी कुणाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. शाळेतला मास्तर असेल तर 'प्राध्यापक महाशय', जनावरांचा डॉक्टर असेल तर 'डॉक्टर महाशय', आणि सरकारी खात्यातून मोठा होऊन निवृत्त झालेला असेल तर 'होफराट साहेब'. ही पदवी सरकार देतं. त्यातून काही मिळत नाही, पण ती एकदा चिकटली की बायकोही आपोआप होफराटीणबाई होते आणि पावाच्या दुकानात तिला रांगेत उभं राहावं लागत नाही. ओळख चाळीस वर्षांची असली तरी एकमेकांना अहो-जाहोच.

डोंगरावर मात्र उलटं. अर्ध्या वाटेवर एक मोठा दगड आहे, त्याच्यावर पिवळा पट्टा मारलेला. तो कुणी मारला ते कुणालाच माहीत नाही. त्या पट्ट्याच्या वर गेलं की सगळे अरे-तुरे. बँकेचा साहेब असो की गोठ्यातला गडी, वर सगळे 'तू'. हे न पाळणारा माणूस गावात उद्धट ठरतो. डोंगर उतरताना दगड आला की मंडळी खाकरतात, कॉलर नीट करतात आणि पुन्हा 'आपण' होतात. काही जण तर दगडाच्या अलीकडे मुद्दाम रेंगाळतात, एखाद्याला घालायची शिवी राहिलेली असते म्हणून.

यात खरी पंचाईत झाली ती सरपंच एगॉन लाख्नरची. गावात लोक त्याला म्हणायचे, "सरपंच साहेब, आपल्याला सवड होईल तेव्हा चर्चमागच्या गटाराकडे कृपादृष्टी व्हावी." आणि सरपंच साहेब मान डोलवून विसरून जायचे. मग लोकांनी युक्ती काढली. रविवारी सरपंच डोंगर चढायला निघाला की निम्मं गाव गुपचूप त्याच्या मागे. तो इथे माझ्यावर टेकायचा अवकाश, की सुरू.

"ए एगॉन, गटार तुंबलंय, नाकाला रुमाल लावून फिरतोय आम्ही. झोपा काढतोस का रे?"

"आणि माझ्या गोठ्याच्या परवानगीचं काय केलंस, ढोल्या?"

सरपंच लालबुंद व्हायचा, पण करतो काय? रीत ती रीत. शेवटी त्याला अचानक उंचीवर चक्कर यायचा आजार जडला आणि त्याने डोंगराचं नाव टाकलं. खाली खुर्चीवर बसल्यावर मात्र कधी चक्कर आल्याचं ऐकिवात नाही.

आणि याच पट्ट्याने दोन माणसांचा जीव टांगणीला लावला होता.

शिखराच्या जरा खाली ट्राउडी प्रीलरची खानावळ आहे. ट्राउडी विधवा, दणकट, आवाज असा की ढगातून हाक मारली तरी वाटसरूला वाट सापडावी. उन्हाळाभर ती वर राहते, सूप आणि गोड धिरड्यांचे लुसलुशीत तुकडे करून घालते, आणि बर्फ पडलं की गावात उतरते. दुसरा म्हणजे होफराट अडालबर्ट श्ट्रोमायर, वनखात्यातून निवृत्त, विधुर, मिशा काळजीपूर्वक कापलेल्या. तो दर गुरुवारी वर यायचा. गुरुवार म्हणजे गर्दी नसलेला दिवस. ट्राउडी हातातलं काम टाकून ताट घेऊन शिखरावर यायची आणि दोघं माझ्यावर बसायची. पंक्रात्सने मापं चोख घेतली होती.

"मिशीला साखर लागलीय तुझ्या," ती म्हणायची.

"राहू दे. घरी जाताना वाटेत खाईन."

असं बोलणं. मोठं काही नाही. पण तळ्याकडे खरोखर बघणारी माझ्यावर बसलेली ती दोनच माणसं. मला दोघंही आवडायची, हे मी सरळ सांगतो.

हिवाळ्यात मात्र दोघं गावात. आणि मग वसंतात वर आली की पहिलं भांडण ठरलेलं.

"परवा दुकानात मला काय म्हणालास? 'प्रीलरबाई, आपली प्रकृती कशी आहे?' लाज नाही वाटली?"

"मग काय म्हणणार? सगळं गाव उभं होतं. आणि तू नाही का म्हणालीस, 'होफराट साहेबांच्या कृपेने ठीक'?"

"मग गावातही 'तू' कर की. दे मला 'तू'."

"मी कसा देऊ, ट्राउडी? बाईने पुरुषाला द्यायचं असतं. मी आपणहून दिलं तर उद्धटपणा होईल."

"आणि मी दिलं तर? लहान माणसाने मोठ्याला द्यायचं नसतं. गाव म्हणेल, खानावळवालीला शिंगं फुटली, होफराटलाच अरे-तुरे करायला लागली. वयाने मोठा तू, हुद्द्याने मोठा तू. तू दे."

"पण बाई तू आहेस."

हे असं. या लोकांत 'तू' हे रीतसर द्यावं लागतं, हातात हात गुंफून एकेक पेला श्नाप्स, म्हणजे इथली कडक दारू, प्यायची आणि मग आयुष्यभर तू. पण कुणी कुणाला द्यायचं याचे नियम इतके चोख, की या दोघांच्या बाबतीत ते एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. दोघंही सभ्य. दोघंही वाट बघत बसलेली. सभ्यतेने माणसाचं इतकं नुकसान होतं हे मी झाड असताना मला माहीत नव्हतं.

असे किती उन्हाळे गेले. मग एका गुरुवारी अडालबर्ट फार उशिरा आला. दर चार पावलांवर थांबत होता. माझ्यावर बसला तेव्हा मला त्याच्या गुडघ्यांची कुरकुर ऐकू आली. लाकडाला अशी कुरकुर चटकन कळते.

"डॉक्टर म्हणतो, डोंगर बंद," तो म्हणाला.

ट्राउडीने ताट मांडीवर ठेवलं.

"मग मी खाली येईन तुला भेटायला."

"खाली आलीस की तू प्रीलरबाई होशील."

"आणि तू होफराट."

"हो."

"मग जा!" ती एकदम कडाडली. "जा आणि बस खाली होफराट होऊन! त्या पदवीला घाल धिरडी करून!" ती ताट घेऊन निघून गेली. धिरड्यांना त्याने हातही लावला नव्हता. तो गुडघे सांभाळत तिरका तिरका उतरत गेला, आणि दगडापर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. मागे वळायला गुडघ्यांनी परवानगी दिली नसेल, अशी मी माझी समजूत घातली.

त्यानंतरचे गुरुवार मला खायला उठले. ट्राउडी यायची, एकटीच बसायची, बसताना अर्धी जागा सोडायची. एका गुरुवारी तर तिने त्या मोकळ्या जागेला चार शिव्या दिल्या.

इकडे गावात सरपंचाच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. शिखरावर पोलाद आणि काचेचा सज्जा बांधायचा. काचेखाली दरी, समोर तळं, आणि मध्ये फोटोसाठी एक भलीमोठी रिकामी चौकट. म्हणजे एवढं मोठं तळं, त्याला बिचाऱ्याला कड नव्हती, ती आता पंचायतीने दिली. त्या सज्ज्याच्या आड मी येत होतो. तेव्हा ठराव झाला: जुना बाक हा गावचा ऐतिहासिक ठेवा असून तो सन्मानाने तळ्याकाठी हलवावा. सन्मानाने हलवावा म्हणाले की समजावं, आपली जागा गेली.

सज्ज्याचं सामान घेऊन हेलिकॉप्टर आलं, आणि त्यातून सरपंच स्वतः उतरला, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण चढवून.

"ए एगॉन!" ट्राउडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाकाला हात लावशील तर बघ!"

सरपंचाने बोट वर केलं. या क्षणासाठी तो बऱ्याच दिवसांपासून तयारी करून आला असावा. "प्रीलरबाई, कृपया सरपंच साहेब म्हणा. पट्ट्याचा दगड ओलांडून वर आलेल्यालाच 'तू' लागू होतं. मी दगड ओलांडलेला नाही. मी हवेतून आलोय. म्हणजे रीतीप्रमाणे मी अजून गावातच आहे."

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्राउडीचे कमरेवरचे हात खाली आले. सरपंचाला तर आकाश ठेंगणं झालं. त्याने दिवसभर प्रत्येकाकडून 'सरपंच साहेब' म्हणवून घेतलं, अगदी गरज नसताना. मग मला दोरांनी बांधलं आणि हेलिकॉप्टरच्या पोटाखाली लटकवलं. जाताना खाली तो पट्ट्याचा दगड दिसला, बोटाएवढा.

तळ्याकाठी पंचायतीने मला कसं बसवलं ते ऐका. तोंड गावाकडे, पाठ तळ्याकडे. का? तर बसणाऱ्याचा फोटो काढला की मागे आपोआप तळं येतं. समितीत यावर एकमत झालं म्हणे. मला समोर दिसतो तो गाड्या लावायचा तळ आणि पलीकडे ते चर्चमागचं गटार. अजून तुंबलेलंच आहे.

रविवारी उद्घाटन. चामडी चड्ड्या घालून बँडवाले आले, पाद्र्याने पाणी शिंपडलं, सरपंचाने भाषण केलं आणि त्यात माझ्यापेक्षा स्वतःचं नाव जास्त वेळा घेतलं. पहिल्यांदा बाकावर बसायचा मान होफराट साहेबांना. अडालबर्ट काठी टेकत आला, फीत कापली आणि बसला. बसला तो बरोबर एका बाजूला, जुन्या सवयीने. टाळ्या वाजल्या. तो कुणाकडेच बघत नव्हता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. ट्राउडी! ऐन उन्हाळ्यातल्या रविवारी, खानावळ बंद करून, डोंगर उतरून आलेली. अंगावर ॲप्रन तसाच. ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. शिष्टाचाराप्रमाणे अडालबर्ट काठीवर भार देऊन उठू लागला आणि त्याच्या तोंडून अर्धवट निघालं, "प्रीलरबाई, आपण..."

"सरक," ट्राउडी म्हणाली.

बँडवाल्याच्या हातातली झांज तशीच राहिली. होफराटीणबायांनी तोंडाला रुमाल लावले. सरपंच पुढे धावला.

"प्रीलरबाई! हे गाव आहे! इथे तुम्ही होफराट साहेबांना असं..."

"गाव तुमच्या पायाखाली आहे, सरपंच साहेब," ट्राउडी शांतपणे म्हणाली. "हा बाक दगड ओलांडून खाली आला का?"

"म्हणजे?"

"हवेतून आला ना? तुम्हीच आणलात. तुम्ही हवेतून वर आलात तर गावातच होतात. मग हा हवेतून खाली आलाय तर अजून वरच आहे. यावर जो बसेल तो शिखरावर. रीत मी नाही काढली, तुम्ही काढलीत. दहा माणसांसमोर."

"हो हो, मी होतो तिथे," हेलिकॉप्टरबरोबर गेलेला एक कामगार म्हणाला. मग दुसराही म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. सरपंचाने पाद्र्याकडे पाहिलं, पाद्र्याने आकाशाकडे. रीतीच्या बाबतीत फाल्बाखकर फार काटेकोर. मुद्दा बिनतोड होता, त्याला कुणी काय करणार?

अडालबर्ट हळूच खाली बसला. मग काठी दुसऱ्या हातात घेतली आणि सरकला. सरकायची गरज नव्हती, जागा होतीच. तरी सरकला. ट्राउडी त्याच्या शेजारी बसली तेव्हा माझ्या सगळ्या फळ्यांतून एक कळ गेली, आणि ती दुखण्याची नव्हती.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

एवढंच. बँडवाल्यांनी झांजा वाजवून घेतल्या.

त्या दिवसापासून सरपंच माझ्या आसपास फिरकत नाही. लोक त्याला फार आग्रह करतात. "बसा ना सरपंच साहेब, जरा टेका, दमला असाल!" चार जण गटाराचा विषय पोटात घेऊन माझ्यामागे उभे असतात. पण तो उभ्या उभ्याच बोलतो आणि काढता पाय घेतो.

अडालबर्ट आणि ट्राउडी मात्र यायला लागली. खानावळ ती गुरुवारी बंद ठेवायला लागली. पण सभ्यता अंगात मुरलेली! बसली की तू, आणि उठून उभी राहिली की अडालबर्ट टोपी काढून म्हणायचा, "चला प्रीलरबाई, आपल्याला सोडतो." ती रागाने पुन्हा बसायची. तोही बसायचा. "असं काय करतेस?" म्हणायचा. मग दोघं उठायची, की पुन्हा आपण. एका संध्याकाळी तर ती इतक्यांदा उठली आणि बसली, की समोरच्या गाडीतल्या पाहुण्याला वाटलं, हा इथला व्यायामाचा प्रकार असावा.

पानं गळायला लागली तशी ट्राउडी खानावळ आवरून गावात आली. शेवटच्या गुरुवारी वारा बोचरा होता. दोघं बराच वेळ बसली, धिरड्यांचा डबा संपला. अडालबर्ट काठी टेकून उठला, पूर्ण उभा राहिला, माझा एक इंचही त्याला लागत नव्हता. मी मनात म्हटलं, आता टोपी निघणार.

टोपी निघाली नाही. त्याने हात पुढे केला.

"ऊठ," तो म्हणाला. "गारठशील."

ट्राउडीने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने ते लक्षात आणूनही दिलं नाही, शहाणी बाई. त्याचा हात धरून उठली आणि दोघं बोलत बोलत गेली, भर रस्त्याने, दुकानासमोरून, पाहणाऱ्यांच्या देखत. तिचा आवाज मोठा, म्हणून मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. तू असा, तू तसा, तुझ्या मिशा, तुझे गुडघे.

आता ती दोघं फारशी येत नाहीत. त्यांना माझी गरज राहिलेली नाही, आणि याचा मला आनंद आहे. थोडं वाईटही वाटतं, ते कशाला लपवू? हिवाळा आलाय, माझ्यावर बर्फ साचतंय, पाहुणे गेलेत. वर सज्ज्याची चौकट वाऱ्यात शिट्टी वाजवते, ती इथपर्यंत ऐकू येते.

तुम्ही इकडे येणार असाल तर एक विनंती आहे. कुणाला तरी बरोबर घेऊन या आणि माझ्यावर बसण्याआधी दोघं मिळून मला उचलून फिरवा. मी फारसा जड नाही. समितीची परवानगी मागू नका, ती मिळणार नाही. माझ्या पाठीमागे तळं आहे, रोज लाटांचा आवाज येतो, आणि मला ते दिसत नाही.